भय कोणाचे आणि कोणासाठी? : विद्यार्थ्यांच्या भयपटातील पात्रे व प्रेक्षक

चित्रपटाचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना स्वतःचा पहिला लघुपट करण्याची संधी मिळाली की त्यांच्यापैकी पुष्कळ जण भयपटाची निवड करतात. याचे कारण शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. भयपटाला नामवंत नट लागत नाहीत, भव्य देखावे लागत नाहीत. एक अंधारा जिना, अर्धवट उघडे दार, कोठेतरी ठिबकणारा नळ आणि एक घाबरलेला चेहरा एवढ्या सामग्रीवर पाच मिनिटांचा चित्रपट उभा राहू शकतो. अंधाराला भाडे द्यावे लागत नाही.

परंतु साधनांची ही सुलभता फसवी असते. जिना आणि दार फुकट मिळाले, तरी त्या दारातून कोण बाहेर येणार हे विद्यार्थ्यालाच ठरवावे लागते. आणि त्याला पाहून कोणी दचकायचे, हेही. यांपैकी पहिला प्रश्न पात्रांचा आहे, दुसरा प्रेक्षकांचा. अभ्यासात हे दोन प्रश्न बहुधा वेगवेगळे शिकवले जातात आणि विद्यार्थीही त्यांची उत्तरे दोन वेगवेगळ्या कागदांवर लिहून देतात. ते दोन प्रश्न वस्तुतः एकच आहेत, असे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत प्रकरणात केला आहे. पडद्यावर ज्याला आपण भयाचे कारण ठरवतो, त्याच्यासारखा माणूस प्रेक्षागृहातही बसलेला असू शकतो. आणि तो तेथे नसला, तरी त्याचे शेजारी तेथे असतातच. चित्रपट संपल्यावर ते ज्या गल्लीत परत जातात, त्याच गल्लीत तोही राहत असतो.

भयाची वाटणी

कोणत्याही भयपटात भयाची एक प्रकारे वाटणी झालेली असते. कोणी भितो, कोणाची भीती वाटते. कोणी सर्वांत आधी मरतो, कोणी अखेरपर्यंत टिकतो. आणि एखादा असा असतो, की ज्याचा इशारा कोणीच ऐकत नाही. ही वाटणी करताना लेखक कथेची सोय पाहत असतो, हे खरे. तथापि या प्रत्येक जागेवर त्याने कोणाला बसविले, यातून समाजातील निरनिराळ्या वर्गांविषयी तो काही विधानही करीत असतो. ते विधान त्याने जाणून केलेले असो वा नसो, प्रेक्षकाच्या मनावर त्याचा ठसा सारखाच उमटतो.

लघुपटाच्या बाबतीत येथे एक विशेष अडचण उद्भवते. दोन तासांच्या चित्रपटात पात्राची ओळख हळूहळू होऊ शकते. पाच मिनिटांच्या चित्रपटात तेवढी सवड नसते. म्हणून विद्यार्थी साच्याचा आधार घेतो. लंगडत चालणारा पहारेकरी, स्वतःशीच पुटपुटणारा मनोरुग्ण, पांढऱ्या लुगड्यातील एकाकी वृद्धा, अगम्य बोली बोलणारा रानातला माणूस, यांपैकी कोणीही पडद्यावर आला की प्रेक्षक तत्काळ सावध होतो. एक शब्दही न बोलता काम साधते. विद्यार्थ्याला वाटते, आपण वेळ वाचविला.

हा वेळ कोणाच्या खर्चाने वाचला, याचा विचार मात्र सहसा होत नाही. त्या पात्राविषयी प्रेक्षकाला आधीच काही ‘माहीत’ होते, म्हणूनच तो सावध झाला. आणि जे माहीत होते ते ज्ञान नसून पूर्वग्रह होता. येथे एक भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. भयपटाचे काही संकेत निर्जीव वस्तूंशी निगडित असतात : करकरणारे दार, विझणारा दिवा, अचानक थांबणारी रातकिड्यांची किरकिर. काही संकेत माणसांशी निगडित असतात. पहिल्या प्रकारचे संकेत कितीही वेळा वापरले तरी ते फार तर शिळे होतात. अंधाराची बदनामी झाली म्हणून अंधाराचे काही बिघडत नाही. माणसाचे बिघडते.

पात्राचे चित्रण केवळ संवादांतून होत नाही, हेही येथेच सांगितले पाहिजे. एकाच वृद्ध स्त्रीचा चेहरा खालून प्रकाश टाकून, कॅमेरा जमिनीलगत ठेवून आणि एखादा खर्जातील स्वर लांबवून दाखविला, तर ती भयंकर भासते. तोच चेहरा खिडकीतून येणाऱ्या उजेडात, तिच्या डोळ्यांच्या पातळीवरून, तिच्या बांगड्यांच्या किणकिणाटासह दाखविला, तर ती कोणाची तरी आजी वाटते. स्त्री तीच असते. निर्णय कॅमेऱ्याचा असतो. म्हणून ‘आमच्या पटकथेत तिच्याविषयी काहीच वाईट लिहिलेले नाही’ हा बचाव चित्रपटात टिकत नाही.

एका चित्रपटाचे दोन धडे

आता एका प्रत्यक्ष चित्रपटाकडे वळू. अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात जाहिरातपट तयार करणाऱ्या काही तरुणांनी १९६७ साली एक भयपट चित्रित केला आणि १९६८ च्या ऑक्टोबर महिन्यात तो प्रदर्शित झाला. जॉर्ज रोमेरो यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट म्हणजे ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’. त्याला एक लाख चौदा हजार डॉलरच्या आसपास खर्च आला. हॉलिवूडच्या मानाने ही रक्कम नगण्य होती. कथा साधी होती : मेलेली माणसे उठून जिवंतांना खाऊ लागली आहेत आणि एका शेतघरात आश्रय घेतलेले काही लोक रात्रभर त्यांच्याशी झुंजत आहेत.

या लोकांचे नेतृत्व करणाऱ्या बेनच्या भूमिकेसाठी ड्युएन जोन्स या कृष्णवर्णीय नटाची निवड झाली. पटकथेत बेनच्या वर्णाचा उल्लेख नव्हता. चाचणीसाठी आलेल्या नटांमध्ये जोन्स सर्वांत चांगले ठरले, म्हणून त्यांना घेतले, असे रोमेरो नेहमी सांगत असत. परंतु निवडीमागचा हेतू काहीही असला, तरी पडद्यावर जे घडले ते साधे नव्हते. सर्वांत विचारी, सर्वांत कर्तबगार असा हा माणूस रात्रीच्या संकटातून एकटा वाचतो आणि सकाळी मदतीला आलेले बंदूकधारी लोक प्रेत समजून त्यालाच गोळी घालतात. १९६८ साली, ज्या वर्षी एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली त्या वर्षी, हा शेवट केवळ एका कथेचा शेवट राहू शकत नव्हता. पात्राच्या जागेवर कोण उभा आहे, यावर कथेचा अर्थ किती अवलंबून असतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

याच चित्रपटातील बार्बरा ही तरुणी मात्र पहिल्या धक्क्यानेच सुन्न होते आणि बहुतेक चित्रपटभर कोचावर बसून राहते. भीतीने गारठणारी असहाय स्त्री हा जुनाच साचा होता. रोमेरो यांनी तो तसाच उचलला. १९९० साली याच कथेवर पुन्हा चित्रपट निघाला, तेव्हा पटकथा रोमेरो यांनीच लिहिली, आणि या वेळी बार्बरा शस्त्र हाती घेऊन अखेरपर्यंत तग धरते. पटकथेचा पुढचा मसुदा लिहिण्यास कधीकधी बावीस वर्षे लागतात. विद्यार्थ्याने मात्र हे काम चित्रीकरणापूर्वीच उरकलेले बरे.

हा झाला पात्रांविषयीचा धडा. प्रेक्षकांविषयीचा धडा याच चित्रपटाने अधिक कठोरपणे दिला. अमेरिकेत चित्रपटांचे वयानुसार वर्गीकरण करण्याची पद्धती १९६८ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली. म्हणजे हा चित्रपट पडद्यावर आल्यानंतर एका महिन्याने. तोपर्यंत तेथे भयपट म्हणजे शनिवारच्या दुपारी मुलांनी ओरडतहसत पाहण्याची गोष्ट, अशी समजूत होती. रॉजर ईबर्ट या शिकागोतील समीक्षकांनी हा चित्रपट अशाच एका दुपारच्या खेळाला पाहिला आणि १९६९ च्या जानेवारीत त्याविषयी लिहिले. प्रेक्षागृह मुलांनी भरलेले होते. कित्येकांना आईबाप दारात सोडून गेले होते. प्रारंभी मुलांचा नेहमीचा गोंगाट चालू होता. पुढे तो हळूहळू थांबला. शेवटी त्या अंधारात काही मुले निश्चल बसून होती, आणि सुमारे नऊ वर्षांची एक मुलगी मुकाट्याने रडत होती.

या प्रसंगातील दोष चित्रपटाचा नव्हता. चित्रपट प्रौढांसाठी गंभीरपणे केलेला होता. दोष मुलांचाही नव्हता. हा खेळ कोणासाठी आहे, हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. प्रेक्षक ठरविणे म्हणजे तिकीटविक्रीचे गणित मांडणे, असे आपण समजतो. वस्तुतः त्यात एक नैतिक जबाबदारी सामावलेली असते. भय ही मात्रा पाहून द्यावयाची वस्तू आहे. आणि मात्रा ठरविण्यासाठी आधी घेणाऱ्याला ओळखावे लागते.

विद्यार्थीच जेथे पात्रे होतात

विद्यार्थ्यांना विशेष जवळचे वाटावे असे दुसरे उदाहरण ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ या चित्रपटाचे आहे. फ्लोरिडातील एका विद्यापीठात चित्रपटाचे शिक्षण घेतलेल्या डॅनिएल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दोघांनी तो केला. १९९७ साली मेरीलँड राज्यातील जंगलात अवघ्या आठ दिवसांत त्याचे मुख्य चित्रीकरण झाले. कथेतील तीन पात्रे चित्रपटाचे विद्यार्थीच आहेत. एका चेटकिणीच्या दंतकथेवर अनुबोधपट करण्यासाठी ती रानात शिरतात आणि परत येत नाहीत. मागे उरते ते फक्त त्यांनी केलेले चित्रण. कॅमेरे प्रत्यक्षात नटांच्याच हाती होते. दिवसागणिक दिग्दर्शक त्यांच्यासाठी सूचनांच्या चिठ्ठ्या ठेवून जात आणि संवाद नट स्वतःच रचीत.

पात्रांच्या निवडीतील चातुर्य येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. अननुभवी हात, थरथरणारा कॅमेरा, अपुरा प्रकाश हे सारे विद्यार्थ्याच्या चित्रपटातील दोष. पात्रे विद्यार्थी ठरविल्याबरोबर ते पुरावे बनले. आपल्याजवळ जे नाही ते लपविण्याऐवजी त्यांनी तेच पात्रांच्या स्वभावात मुरविले. दुसरी गोष्ट अशी, की चेटकीण शेवटपर्यंत दिसत नाही. चित्रपटासाठी रचलेल्या दंतकथेत ती एक स्त्री आहे. अठराव्या शतकात मुलांनी केलेल्या आरोपावरून गावाने तिला ऐन हिवाळ्यात रानात हाकलून दिलेले असते. तिचा चेहरा न दाखविल्यामुळे कोणत्याही जिवंत स्त्रीच्या चेहऱ्याला भयाची उपाधी चिकटत नाही. आणि प्रेक्षकाचे भय मात्र वाढते.

प्रेक्षकांचा विचारही या मंडळींनी आरंभापासून केला होता. इंटरनेट त्या वेळी नवीन होते आणि रात्र रात्र त्यावर घालविणारे तरुण हाच त्यांचा प्रेक्षक होता. त्यांनी १९९८ सालीच एक संकेतस्थळ उघडून त्यावर दंतकथेचा ‘इतिहास’ आणि ‘बेपत्ता’ विद्यार्थ्यांचा तपशील ठेवला. १९९९ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा अनेकांना हे सारे खरेच घडले असे वाटत होते. चित्रीकरणास साठ हजार डॉलरही लागले नव्हते असे सांगतात. जगभरातील उत्पन्न चोवीस कोटी डॉलरच्या वर गेले.

तथापि या यशाची दुसरी बाजू विद्यार्थ्यांपासून लपवू नये. तिन्ही नटांनी पात्रांना स्वतःचीच नावे दिली होती. हीदर डॉनह्यू या अभिनेत्रीने हट्टी, काम न सोडणाऱ्या दिग्दर्शिकेची भूमिका केली. भूमिका इतकी खरी वाटली की पुष्कळांनी पात्रावरचा राग तिच्यावरच काढला. वर्षातील सर्वांत वाईट अभिनेत्रीचा उपहासात्मक पुरस्कारही तिच्या माथी मारण्यात आला. मुलगी खरोखर गेली असे समजून तिच्या आईला सांत्वनपत्रे आली. पुढे तिने आपले नाव बदलले. २०२४ साली तिन्ही नटांनी आपल्या योग्य मोबदल्याची मागणी जाहीरपणे मांडली. ज्या बर्किट्सव्हिल गावाचे नाव कथेत घेतले होते, तेथील गावाच्या नावाच्या पाट्या कुतूहलाने आलेल्या लोकांनी पळविल्या.

विद्यार्थी आपल्या मित्रमैत्रिणींनाच नट म्हणून घेतो, ओळखीच्याच वाड्यात चित्रीकरण करतो. म्हणून त्याने लक्षात ठेवावे, की चित्रपटात आलेले माणसाचे नाव आणि गावाचे नाव चित्रपट संपल्यावर तेथेच उरत नाही; ते त्या माणसाबरोबर घरी जाते.

प्रेक्षक कसा ओळखावा?

‘आमचा प्रेक्षक म्हणजे पंधरा ते पंचवीस वयोगटातील तरुण’ असे वाक्य विद्यार्थ्यांच्या टिपणांत हमखास आढळते. हे उत्तर चुकीचे नाही. ते रिकामे आहे. पंधरा वर्षांचा मुलगा आणि पंचवीस वर्षांची नोकरदार स्त्री यांची भये एक नसतात. वय सांगितल्याने प्रेक्षक मोजता येतो, ओळखता येत नाही.

प्रेक्षक ओळखण्याचा मार्ग म्हणजे त्याच्याकडे पाहणे. आपल्या देशातील एक गोष्ट या दृष्टीने बोधप्रद आहे. रामसे कुटुंबाचा ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ हा १९७० सालचा हिंदी चित्रपट चालला नाही. परंतु त्यात पृथ्वीराज कपूर भयानक वेष चढवून चोरी करतात, असा एक प्रसंग होता; आणि तेवढ्यापुरते लोक चित्रपटगृहात येतात, असे रामसे बंधूंच्या ध्यानी आले. लोकांना काय नको हे तिकीट-खिडकीने सांगितले होते. काय हवे ते अंधारात बसलेल्या लोकांनी सांगितले. त्यातून १९७२ साली ‘दो गज ज़मीन के नीचे’ हा भयपट निघाला. सात भावांनी दिग्दर्शन, लेखन, छायालेखन, ध्वनी व संकलन ही कामे आपसांत वाटून घेतली आणि महाबळेश्वरला मुक्काम करून थोड्या खर्चात चित्रपट पुरा केला. त्यांची पद्धत आज विद्यार्थ्यांच्या गटाला अनोळखी वाटणार नाही.

प्रेक्षकाविषयीचा आणखी एक समज तपासून घेतला पाहिजे. मुलगे मुलग्यांचेच चित्रपट पाहतात, प्रेक्षक स्वतःसारख्या पात्राशीच समरस होतो, असे मानले जाते. कॅरोल क्लोव्हर या अमेरिकन अभ्यासिकेने १९८७ च्या निबंधात आणि नंतर १९९२ च्या ग्रंथात याच्या उलट निरीक्षण नोंदविले. जॉन कार्पेंटर यांच्या १९७८ सालच्या ‘हॅलोवीन’सारख्या चित्रपटांत अखेरपर्यंत टिकून खुन्याचा सामना करणारे पात्र पुनःपुन्हा एक मुलगी असते, आणि या चित्रपटांचे बहुसंख्य प्रेक्षक मानले गेलेले किशोरवयीन मुलगे तिच्याच बाजूने श्वास रोखून बसतात. याचा अर्थ असा की प्रेक्षक आपल्यासारखा चेहरा शोधत नसतो. तो असे पात्र शोधत असतो की ज्याच्या डोळ्यांनी त्याला पाहता येईल. ही गोष्ट विद्यार्थ्याला मोठेच स्वातंत्र्य देते. प्रेक्षक तरुण आहेत म्हणून नायक तरुणच पाहिजे, असे बंधन उरत नाही.

यानंतर प्रदर्शनाच्या जागेचा विचार करावा. महाविद्यालयाच्या सभागृहात दोनशे लोक एकत्र चित्रपट पाहतात, तेव्हा एकाचा दचका दुसऱ्याला लागतो. दीर्घ शांतता तेथे परिणामकारक ठरते. तोच चित्रपट एकट्याने, भ्रमणध्वनीच्या लहान पडद्यावर, कानात ध्वनियंत्र घालून पाहिला जातो, तेव्हा अंधारातील दूरच्या आकृती दिसतच नाहीत. पण कानाशी झालेली कुजबुज अंगावर काटा आणते. चित्रपट कोठे पाहिला जाणार हे ठाऊक नसेल, तर कॅमेरा कोठे ठेवावा हेही नीट ठरविता येत नाही.

अखेरीस प्रमाणपत्राचा मुद्दा. भारतात १९५२ च्या चलच्चित्र अधिनियमानुसार सार्वजनिक प्रदर्शनासाठी प्रमाणपत्र घ्यावे लागते. पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावयाच्या ‘यूए’ या वर्गाचे २०२३ च्या दुरुस्तीनंतर सात, तेरा व सोळा वर्षे असे तीन टप्पे झाले आहेत. ‘ए’ वर्ग अठरा वर्षांवरील प्रेक्षकांसाठी राखीव आहे. विद्यार्थ्याचा लघुपट वर्गाबाहेर जाणार नसला, तरी त्याने स्वतःशी हा प्रश्न जरूर सोडवावा : माझा चित्रपट तेरा वर्षांच्या मुलाने पाहावा असे मला वाटते काय? उत्तर ‘नाही’ असेल, तर त्याला न दाखविण्याची व्यवस्थाही आपणच केली पाहिजे.

एका पटकथेचे तीन मसुदे

हा सर्व विचार प्रत्यक्षात कसा उतरतो, हे पाहण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चार विद्यार्थी गावाच्या कडेला एक जुने घर भाड्याने घेतात. मागच्या खोलीत घराची मालकीण, एक वृद्ध विधवा, एकटी राहते. रोज रात्री नऊ वाजता ती मागच्या दाराची कडी लावते, उंबऱ्याशी पणती ठेवते आणि काही पुटपुटते. मुलांना विचित्र अनुभव येऊ लागतात. पहिल्या मसुद्यात उत्तर सोपे आहे : म्हातारी चेटकीण आहे. शेवटच्या दृश्यात ती वळून कॅमेऱ्याकडे पाहते आणि पडदा काळा होतो.

हा मसुदा वर्गात टाळ्या मिळवील. परंतु आपल्या देशात तो निव्वळ कल्पनाविलास राहत नाही. चेटूक केल्याच्या संशयावरून स्त्रियांना मारहाण करणे, गावाबाहेर काढणे, ठार करणे हे प्रकार आजही घडतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत हत्येच्या कारणांमध्ये चेटुकाचा वेगळा उल्लेख असतो. बिहारने १९९९ मध्ये, झारखंडने २००१ मध्ये, छत्तीसगडने २००५ मध्ये या प्रथेविरुद्ध कायदे केले. पुढे इतर काही राज्यांनीही ते केले. महाराष्ट्रात नंदुरबारसारख्या भागांत ‘डाकीण’ ठरविल्या गेलेल्या स्त्रियांच्या व्यथा कार्यकर्त्यांनी वेशीवर टांगल्या आहेत, आणि २०१३ साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. अशा वेळी एकाकी वृद्ध विधवा म्हणजे संशयास्पद, हे समीकरण पडद्यावर आणखी एकदा सिद्ध करणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. बळी पडलेली स्त्री बहुधा अशीच असते : एकटी, वृद्ध, थोडी जमीन किंवा एखादे घर नावावर असलेली.

मग भयपटात भूत असूच नये काय? तसे म्हणण्याचे कारण नाही. भूत हा कथेचा एक जुना संकेत आहे आणि तो कथा म्हणूनच पाहण्याइतका प्रेक्षक सुजाण असतो. हरकत भुताला नाही. जिवंत माणसाच्या माथी भूतपण मारण्याला आहे. भुताला शेजारी नसतात, म्हातारीला असतात.

दुसऱ्या मसुद्यात विद्यार्थी म्हातारीची जागा बदलतात. घरात काहीतरी आहे, हे खरे. पण ती त्याला आणत नसून अडवून धरीत आहे. मुले संशयाने तिला एका रात्री तिच्याच खोलीत कोंडतात. नऊ वाजतात. उंबऱ्याशी पणती नाही. आतून ती दार ठोठावीत आहे, आणि त्याच वेळी मागच्या दाराची कडी हळूहळू सरकू लागते. येथे प्रेक्षकाचे भय दुणावते, कारण त्याच्या लक्षात येते की मुलांबरोबर आपणही तिच्यावर संशय घेतला होता. पूर्वग्रहाचा उपयोग येथेही झाला आहे. परंतु त्याला खतपाणी घालण्यासाठी नव्हे, तर त्याला सापळ्यात पकडण्यासाठी.

तिसरा मसुदा सर्वांत अवघड. दुसऱ्या मसुद्यातील म्हातारी निष्पाप व ज्ञानी आहे. म्हणजे तीही साचाच आहे, फक्त उजळ रंगाचा. आता तिला माणूस करावयाचे आहे. तिला एका कानाने कमी ऐकू येते. भाडे दोन दिवस उशिरा आले की ती तोंडावर बोलते. दुपारी ती आकाशवाणी मोठ्या आवाजात लावते, म्हणून मुले त्रासलेली आहेत. ती पुटपुटते तेव्हा मंत्र म्हणत नसते. आज कोणते काम राहिले याची उजळणी करीत असते. यांतील प्रत्येक तपशील पाचसहा सेकंदांत दाखविता येतो. साच्यामुळे वाचणारा वेळ निरीक्षणामुळेही वाचतो, हे येथे दिसून येईल. आणि तिला एका कानाने ऐकू येत नाही, ही गोष्ट शेवटच्या रात्री किती उपयोगी पडेल, हे पटकथाकाराला निराळे सांगावे लागणार नाही.

चाचणी-प्रदर्शन

चित्रपटाचे कच्चे संकलन झाल्यावर ते वर्गाबाहेरच्या दहाबारा लोकांना दाखवावे. त्यांत निदान एक तरी असा असावा, की ज्याच्यासारखे पात्र चित्रपटात भयाच्या जागी आले आहे. वरील उदाहरणात एकटी राहणारी एखादी वृद्ध स्त्री असावी. तिला परीक्षक म्हणून नव्हे, तर प्रेक्षक म्हणून, मानाने बोलवावे.

पहिल्या मिनिटानंतर चित्रपट थांबवून दोनच प्रश्न विचारावेत : तुम्हाला कोणाचा संशय येतो? आणि कशावरून? ‘आवडला का?’ हा प्रश्न विचारू नये. त्याचे उत्तर सौजन्याने दिले जाते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘तिने दिवा लपविला’ असे आले, तर संशय कृतीवरून उत्पन्न झाला आहे. ‘दिसतेच तशी’ असे आले, तर संकलकाने पुन्हा कामाला बसावे. पुढील भाग चालू असताना दिग्दर्शकाने पडद्याकडे पाहू नये, प्रेक्षकांच्या हातांकडे पाहावे. भय वाटत असते तेव्हा हात स्थिर राहत नाहीत. जेथे अनपेक्षितपणे हसू येते, ती जागा टिपून ठेवावी. आणि जेथे सगळे हसतात पण एकच जण हसत नाही, ती तर अवश्य टिपावी.

भयपट हा हलका प्रकार आहे, असे समजण्याची प्रथा आहे. परंतु कोणाला भ्यावे आणि कोणासाठी भ्यावे, हे समाज ज्या मार्गांनी शिकतो, त्यांपैकी कथा हा एक मार्ग आहे. विद्यार्थ्याच्या पाच मिनिटांच्या चित्रपटाने समाज बदलणार नाही. तो पाहून रात्री घरी परतणारा प्रेक्षक मात्र गल्लीच्या टोकाशी एकट्या राहणाऱ्या म्हातारीच्या दारावरून जाईल, तेव्हा तिच्या खिडकीतील दिव्याकडे तो कोणत्या नजरेने पाहील, हे काही अंशी त्या पाच मिनिटांवर अवलंबून राहील.

अभ्यासासाठी

१. आपण पाहिलेल्या कोणत्याही एका भयपटातील पात्रांची यादी करा. कोण भितो, कोणाची भीती वाटते, कोण आधी मरतो आणि कोण टिकतो, हे लिहा. समाजातील कोणता वर्ग कोणत्या जागी आला आहे?

२. त्या चित्रपटात संशय कृतीमुळे उत्पन्न होतो की रूप, वय, वेष किंवा बोलीमुळे? दोन प्रसंग निवडून सांगा.

३. आपल्या लघुपटाच्या प्रेक्षकाचे वर्णन वय व लिंग यांचा उल्लेख न करता दहा ओळींत करा. तो चित्रपट कोठे पाहील, कोणाबरोबर पाहील आणि पाहून झाल्यावर कोठे जाईल, हे त्यात आले पाहिजे.

४. वरील उदाहरणातील म्हातारीच्या दृष्टीने तीच कथा एका पानात लिहा. तिला कोणाचे भय वाटते?